बोल्डरच्या पाइनबनात पास्कफ्लॉवर बघायला जाताना

पास्कफ्लॉवर या जांभळ्या रानफुलासाठी रॉकीज पर्वतरांगेत फार आत शिरावं लागत नाही. कोलोराडोत बोल्डरच्या शटॉक्वा पार्कपासून (उंची साधारण १,७४० मीटर) ब्लूबेल रोडने चढून मेसा ट्रेल धरायची आणि एन्चांटेड मेसाच्या वाटेने उतरायचं. फेरी ४ किमीच्या आसपास; फुलं बघत गेलं तर अडीच तास हाताशी ठेवा.

इथला हंगाम मार्चअखेर ते एप्रिल. तो हुकला तर मेमध्ये डोंगरातल्या नेदरलँड गावाच्या बाजूला, २,५०० मीटरवर, नशीब आजमावता येतं.

ऊन नसलं, ढग आले की फूल मिटतं, त्यामुळे भल्या पहाटे जाण्यात अर्थ नाही. उन्हाचा दिवस बघून दहा ते तीनमध्ये जा. पंचाईत अशी की शनिवार-रविवारी पार्किंग तोवर भरलेलं असतं. ‘स्किप’ बसने ब्रॉडवे-बेसलाइन रस्त्यांच्या चौकात उतरून दीडेक किलोमीटर चढ चालणं बरं.

गर्द सावलीत शोधू नका. पाँडेरोसा पाइन जिथे विरळ आहेत, गळलेल्या सुयांचा (पाइनच्या पानांचा) थर पातळ आहे आणि जमीन खडबडीत, तिथे बघा. आधी दिसते ती लव असलेली रुपेरी कळी, वाळक्या सुयांतून जेमतेम चार बोटं वर आलेली. पानं मागाहून. जांभळ्या पाकळ्या दिसतात त्या खरं तर निदलं (कळीला झाकणारी बाहेरची दलं), बहुधा सहा. मधे पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुबका. फूल सरलं की देठ फूटभर वाढतो आणि बियांना पिसांसारख्या शेपट्या येतात, थेट आपल्या मोरवेलीसारख्या. एकाच कुळातली ही मंडळी. मान खाली घातलेली जाड, सुरईसारखी जांभळी फुलं दिसली तर ती शुगरबोल, म्हणजे क्लेमॅटिस, मोरवेलीच्याच प्रजातीतलं दुसरं फूल.

वाटेवर चिखल असेल तर चिखलातूनच चाला. कडेने गेलात तर तिथल्याच कळ्या चिरडतात. ओढ्याकाठच्या मॅक्लिंटॉक वाटेवर सावलीत बर्फ टिकतो. तिकडून जायचं तर बुटांवर चढवायचे काटे हवेत. फोटोसाठी गुडघे टेकण्याआधी खाली कळी नाही ना, ते बघा. ऊन फुलाच्या मागून येऊ द्या, म्हणजे लव उजळते.

फूल तोडायला मनाई आहे. रसाने कातडीची आगही होते. उपटून कुंडीत लावायचा मोह आवरा: मुळं खोल जातात, ती तुटली की रोप सहसा जगत नाही. आणि परतल्यावर मोज्यांच्या कडा, गुडघ्यामागची जागा नीट तपासा. एप्रिलपासून गोचिडी असतात.