ड्युअल बूट, तिसरा आठवडा: पार्टिशन रुसलं, घड्याळ भरकटलं

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदवायचं (म्हणजे ड्युअल बूट) चाललंय. मागच्या वेळी लिनक्सच्या जागेवर अडलो होतो. ५१२ जीबीच्या एसएसडीवर २३० जीबी मोकळे दिसत होते, पण विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट ३८ च्या वर एक जीबी सोडेना. मोकळी जागा सलग आणि शेवटाला हवी, आणि मधोमध पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती) नि हायबरनेशनची फाइल (झोपताना चालू काम जिच्यात ठेवतं ती) ठाण मांडून बसलेल्या. चालू विंडोजमध्ये त्या हलत नाहीत. म्हणून हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, रीस्टार्ट केला आणि १६० जीबी निघाले. १०० लिनक्सला दिले, ६० चं दोन्हींसाठी सामाईक पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचं केलं.

(बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती त्याच लॅपटॉपवर सेव्ह करणारे महाभाग असतात. एक मीच.)

इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडलं. सुरू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या ग्रबच्या मेनूत विंडोज दिसेना तेव्हा मात्र पोटात गोळा आला. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) डीफॉल्टने बंद असतो. सेटिंग फाइलीत तो चालू करून मेनू नव्याने बनवला, विंडोज हजर.

खरा घोळ त्यानंतर मीच घातला. काम झालं म्हणून हायबरनेशन परत चालू केलं. दोन दिवसांनी लिनक्समधून सामाईक पार्टिशनवर फाइल सेव्ह करायला गेलो तर म्हणे, फक्त वाचता येईल. तासभर परवानग्या तपासत बसलो, त्यांचा काही संबंधच नव्हता. हायबरनेशनबरोबर फास्ट स्टार्टअपही परत आलं होतं. ते चालू असताना विंडोज 'शट डाउन' म्हणतं खरं, पण कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर लिहून डुलकी काढतं. पार्टिशन त्याच्या लेखी अजून उघडंच. लिनक्सने त्यात लिहिलं असतं तर डेटाची वाट लागली असती, तेव्हा त्याने हात आखडला ते बरंच झालं. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' केलं की हे होत नाही, म्हणून दोन दिवस कळलंच नाही. आता फास्ट स्टार्टअप कायमचं बंद.

घड्याळाचंही तेच दुखणं. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच. विंडोज त्यात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ. इकडून तिकडे गेलं की वेळ चुकलेली. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येतं, एका कमांडचं काम आहे. पण उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांत दोघंही आपापला तास सरकवतील. मी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) एक नोंद घालून विंडोजलाच यूटीसीवर आणलं.

उरला ब्लूटूथ माउस. लॅपटॉपचा ब्लूटूथ पत्ता दोन्हीकडे तोच, पण जोडणीची किल्ली प्रत्येक सिस्टिम आपली वेगळी बनवते आणि माउस फक्त शेवटची लक्षात ठेवतो. विंडोजमधली किल्ली काढून लिनक्सच्या फाइलीत भरायची असा बेत आहे. तोवर वायरवाला.