पऱ्यावरचा बंधारा: खणण्याआधी पाहिलेला एक पावसाळा

लांजा तालुक्यातील आमच्या बागेच्या मधोमध एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, वाहतो. आषाढात त्याच्या आवाजाने रात्री डोळा लागत नाही आणि शिमग्याची पालखी दारात येते तेव्हा त्याच्या तळाशी केवळ गोटे उरलेले असतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही मार्चमध्ये पोफळींच्या शिंपण्यासाठी विहिरीचा तळ गाठावा लागतो, कारण पायाखालचा जांभा सच्छिद्र आहे आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा उतार तीव्र असल्याने वरचे पाणी थांबत नाही, मुरलेलेही लवकरच झऱ्यांवाटे निघून जाते.

पहिल्या वर्षी आम्ही दिवाळीनंतर सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरून वनराई बंधारा घातला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण विजय बंधाऱ्याची पद्धतही, म्हणजे दगड रचून आतल्या बाजूने प्लास्टिकचा कागद लावण्याची, आम्हाला ठाऊक होती. परंतु गोणी घरात पडून होत्या. पंधरा दिवस पाणी कमरेएवढे चढले आणि डिसेंबर संपण्याआधीच ते बांध न ओलांडता नाहीसे झाले. गोणी जागच्या जागी होत्या. पाणी त्यांच्या खालच्या वाळू-गोट्यांच्या थरातून आणि डाव्या काठावरील कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांतून निघून गेले होते. मूठभर हळद पाण्यात कालवून मी त्या बिळाशी ओतली, तेव्हा काही क्षणांतच खालच्या बाजूला पिवळी धार दिसली.

त्यानंतर खालच्या वाडीतील अण्णांनी मला सांगितले, ‘‘आधी भर पावसात येऊन बघ, मग खण.’’ त्यांचा सल्ला मानून मी पुढचा संपूर्ण पावसाळा फक्त पाहण्यात घालवला आणि बंधाऱ्याच्या कामातील सर्वांत मोलाचे काम तेच होते, असे माझे मत आहे. मोठ्या पुरात पाणी कोठवर चढते, हे काठावरच्या झाडांना अडकलेल्या पालापाचोळ्यावरून कळते. प्रवाह कोणता काठ खातो आणि गोटे कोठे आणून टाकतो, हेही उन्हाळ्यात समजत नाही. मला जी जागा सोयीची वाटत होती ती वळणावर होती आणि तेथील काठ प्रत्येक पुरात ढासळत होता. तिच्या वर साठ पावलांवर पऱ्या अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना कातळ उघडा पडतो. ती जागा आम्ही पक्की केली.

मापे पारदर्शक नळीत पाणी भरून घेतली. 80 मीटरला 1 मीटर असा तळाचा उतार निघाला, म्हणजे सव्वा मीटर उंचीचा बांध 100 मीटरपर्यंत पाणी मागे नेणार होता. सरासरी रुंदी 6 मीटर धरली आणि साठा पाचरीच्या आकाराचा असल्यामुळे गुणाकार निम्मा केला, तर 375 घनमीटर, अर्थात पावणेचार लाख लिटर पाणी होते. 300 पोफळींना रोज प्रत्येकी 15 लिटर दिले, तर हा साठा कागदावर 83 दिवस पुरतो. प्रत्यक्षात बाष्प आणि झिरपा वजा करावा लागतो, मात्र जानेवारीपर्यंत वरून येणारी बारीक धार त्यातील बराचसा भाग भरून काढते.

पऱ्या आपल्या सातबाऱ्यांच्या मधून वाहत असला तरी 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार ओढे-नाले आणि त्यांतील पाणी शासनाच्या मालकीचे असते, त्यामुळे परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे योग्य नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्याशी आधी बोलावे. आम्ही तळाशी एक नळ ठेवला आणि धार चालू ठेवण्याचे वाडीला वचन दिले.

पाया खणताना वाळू, मग गोटे, मग पिवळसर चिकट माती आणि सुमारे दीड मीटरवर कातळ लागला. कातळावरची माती खराट्याने घासून, धुऊन, त्यात खाचा मारूनच काँक्रीट ओतले. बांधाची दोन्ही टोके काठाच्या आत एकेक मीटर नेली. मध्ये दोन गाळे मोकळे ठेवून कोल्हापुरी पद्धतीप्रमाणे लाकडी बरग्यांच्या, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या आडव्या फळ्यांच्या, दोन ओळी आणि त्यांच्यामध्ये चिकणमाती अशी रचना केली. पावसाळ्याआधी बरगे काढून गाळे पुरासाठी मोकळे केले नाहीत, तर एक-दोन पावसाळ्यांत गाळ आणि गोटे साठ्याची जागा घेतात.

बांधाच्या खालच्या बाजूस थोडे पाणी पाझरतेच. ते नितळ असेपर्यंत मी निश्चिंत असतो. गढूळ झाले तर आतली माती वाहून जात आहे असे समजून लगेच साठा उतरवावा. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, आणि त्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. आमचा बांध त्याच्या तुलनेत नगण्य आहे, तरी त्याच्या खाली एक घर आणि पायवाट आहे, म्हणून मी दर आठवड्याला काचेच्या ग्लासात ते पाणी धरून उजेडात पाहतो.

यंदा मृगाच्या आठ दिवस आधी बरगे काढून, धुऊन माळ्यावर ठेवले. डाव्या गाळ्यातील चौथ्या बरग्याची कड कुजली आहे; तो हस्ताआधी फणसाच्या लाकडाचा करून घ्यायचा आहे.