जवस

इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली आणि घरच्यांनी ठरवूनच टाकलं, ही जलरंगवाली. आपल्याकडे चांगलं चित्र म्हणजे जलरंगातला घाट नाहीतर जुना वाडा, म्हणून मीही घाट काढत राहिले. पण जलरंगाला घाई असते आणि मला शंका फार. ब्रश टेकवून मी विचारात पडायचे, तोवर कागद सुकून आकाशाला कडा पडलेली असायची.

कॉलेजात तैलरंग आले. ते थांबतात, पण किती! त्यातलं जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. रंग ओला आहे म्हटल्यावर मी रोज काहीतरी बदलायचे. एका स्थिरचित्रातला तांब्या चार वेळा सरकला आणि शेवटी सगळ्याचा चिखल झाला. जवस म्हणजे आम्हा वैदर्भीयांसाठी आधी चटणी, त्यामुळे कॅनव्हाससमोर बसलं की भूक मात्र लागायची.

चारकोलबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो चित्रापेक्षा नाकाला जास्त लागला.

लिनो, म्हणजे कोरून, शाई लावून कागदावर ठसा उमटवायचा तो, हातात आला तो केवळ तास सक्तीचा म्हणून. मातकट, चामड्यासारखा तुकडा, मागे तागाचं कापड. गारठ्यात तो कडक होतो, म्हणून आधी उन्हात ठेवायचा. (नागपुरात ऊन मागून आणावं लागत नाही.) पहिल्याच दिवशी कटर घसरून अंगठा कापला. तरी दुसऱ्या दिवशी मी तासाच्या आधी हजर. इथे कापलं की कापलं, वरून रंग थापायची सोय नाही. माझ्यासारखीनं खरं तर घाबरायला हवं होतं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. तांब्या कुठे ठेवायचा ते कटर लावण्याआधी ठरवायचं, मग त्यानं तिथेच राहायचं. काचेवर शाई नेमकी पातळ झाली की रोलरखालून बारीक चर्रचर्र ऐकू येतं. प्रेस रिकामं नसलं तर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घोटायचं. मग कागदाचा कोपरा उचलून बघायचं, श्वास धरून.

लिनो कशाचा असतो ते नंतर कळलं. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टननं जवसाचंच तेल हवेवर घट्ट करून, त्यात बुचाचा भुसा मिसळून तागावर थापलं, घरातल्या जमिनीवर अंथरायला. जे तेल वाळायची वाट बघण्यात माझं वर्ष गेलं, ते कुणीतरी आधीच वाळवून ठेवलं होतं!

मग विषय शोधावा लागला नाही. खलबत्त्यात जवस कुटणारी आजी. तिचा हात, लुगड्याचा काठ, बाकी सगळं काळं. ठसा उलटा उमटतो हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलेलं. कोरण्याच्या नादात तेवढंच राहिलं.

दिवाळीत गावी नेऊन दाखवला. आजीनं चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितलं.

"बाकी बरं हाये," ती म्हणाली, "पन मी कवापासून डावखोरी झाली वं?"