झोपेचा फॉर्म भरताना

घोरणं आणि सकाळी उठल्यावर जड डोकं, म्हणून ईएनटीवाल्यांनी स्लीप क्लिनिकला पाठवलं. मला वाटलं डोक्याला वायरी लावतील, तर रिसेप्शनवरच पेन आणि फॉर्म दिले आणि म्हणाले मिसेसना पण बसवा शेजारी.

पहिला एपवर्थचा, दिवसा किती झोप येते ते मोजणारा, १९९१ पासून वापरात आहे म्हणे, आठ प्रसंग आणि प्रत्येकाला ० ते ३ मार्क. यात थकवा किती हे विचारतच नाहीत, डुलकी लागायची शक्यता किती एवढंच, आणि तसा प्रसंग हल्ली आला नसेल तर कल्पना करून लिहायचं. आता तासभर गाडीत मागे बसून प्रवास, मी रोज बाइकवर, मग एसटीची खिडकी आठवली आणि सरळ ३ टाकले. दुपारी आडवं व्हायला मिळालं तर? रविवारी मटण झाल्यावर आमच्या घरात कुणीही ३ च लिहील! टीव्हीला मी १ लिहिला तर बायको म्हणाली, अहो, बातम्यांची हेडलाइन संपायच्या आत घोरता तुम्ही. मग ३ केले. टोटल १४, आणि १० च्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त धरतात.

दुसरा पिट्सबर्गचा, झोप कशी लागते ते मोजणारा, तो किचकट. गेल्या महिन्यात साधारण किती वाजता आडवे झालात, झोप लागायला किती मिनिटं, प्रत्यक्ष झोपलात किती तास. झोपलेला माणूस घड्याळ कुठून बघणार, सगळा अंदाजच की! साडेदहा ते साडेसहा अंथरुणात म्हणजे आठ तास, झोप लिहिली साडेपाच, भागाकार केला तर ६९ टक्के, ८५ च्या खाली गेलं की मार्क चढायला लागतात. इथे जास्त मार्क म्हणजे वाईट, २१ पैकी ५ च्या वर गेलं की झोप खराब. माझे ११.

शेवटी जोडीदाराला विचारायचे प्रश्न असतात, मोठ्याने घोरतो का, झोपेत श्वास मधेच थांबतो का वगैरे. ते स्कोअरमध्ये धरतच नाहीत, पण डॉक्टरांनी आधी तेच वाचलं. बायकोने लिहिलं होतं की श्वास थांबतो, आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, मला हलवून उठवते ती. मला यातलं काही माहीतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फॉर्मवरून अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबायचा आजार, आहे की नाही ते ठरत नाही, पुढे काय तपासायचं ते ठरतं, आणि एका रात्रीची स्लीप स्टडी लिहून दिली. वायरी तेव्हा लागणार.