नेमधर्माची बिअर

जर्मनीत म्युनिकजवळच्या फ्रायझिंगला शिकायला आलं की वायहेनस्टेफानची टेकडी चुकत नाही. वर ब्रुअरी, तिला लागून म्युनिक तांत्रिक विद्यापीठाचे वर्ग, आणि त्यांत बिअर गाळण्याची चक्क रीतसर पदवी. वारा फिरला की ऐन परीक्षेतही शिजत्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडसर वास खिडकीतून आत येतो.

ब्रुअरी स्वतःचं साल १०४० सांगते. सुरू केली बेनेडिक्टाइन साधूंनी, आज मालक बव्हेरिया या इथल्या राज्याचं सरकार. टाक्यांमधून फिरवणाऱ्या बाईंनी १५१६ चा शुद्धतेचा कायदा घडाघडा सांगितला: बिअरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, बस्स. आणि लगेच आमच्या हातात ग्लास दिला तो गव्हाच्या बिअरचा! या बिअरचा मक्ता पुढे बव्हेरियाच्या ड्यूकांनी स्वतःकडेच ठेवला होता म्हणे. कायदा प्रजेला, गहू राजाला. हे मात्र फार ओळखीचं वाटलं.

खरी गंमत बाहेर, चेस्टनटच्या सावलीत. आपल्याकडे पिणाऱ्याला आडोसा लागतो. इथे भर दुपारी आजी, सून, बाबागाडीतलं बाळ आणि मध्ये अर्ध्या लिटरचे उंच ग्लास. सोळाव्या वर्षापासून बिअरला कायद्याची मुभा. पण नेम सोवळ्यातल्या स्वयंपाकाइतके कडक: प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा, ओतताना तो तिरका धरायचा, गव्हाची असेल तर बाटलीत थोडी राखून ती घुसळायची आणि तळाचं यीस्ट शेवटी वरून सोडायचं. 'प्रोस्ट', म्हणजे 'चीअर्स', म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लास बुडाशी टेकवायचे. त्याआधी घोट घेतलात तर कोणी काही बोलत नाही, नुसतं बघतात.

सगळ्यांत नवल वाटलं ते आग्रह नसण्याचं. पुढे एकदा मी आपफेलशोर्ले मागवलं, म्हणजे सफरचंदाच्या रसात सोडा. 'एक घोट तरी घे' असं कोणी म्हणालं नाही. पीत नाही म्हणून कौतुकही केलं नाही. हे दुसरं जरा लागलं. न पिण्याचंही श्रेय घ्यायची सवय असते आपल्याला!

सगळेच असे नेमस्त पितात असं मात्र नाही. ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे बिअरच्या मोठ्या जत्रेला, म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या पुतळ्याखालच्या उतारावर माणसं उन्हात आडवी पडलेली असतात. एक लिटरच्या मगापुढे सोवळं टिकत नाही. वर्गातल्या बव्हेरियन मैत्रिणीला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "ते टूरिस्ट." तिच्या पायाशी आडवा झालेला टूरिस्ट तेव्हा अस्सल बव्हेरियन बोलीत गात होता.