भिंत साडेचार इंची

माझं काम मुख्यतः सभागृहं, कोचिंग क्लासचे हॉल, क्वचित एखादी रेकॉर्डिंगची खोली असं. आत आवाज घुमू नये, बाहेर जाऊ नये, याची सोय करायची. घरगुती फोन आला की मी शक्यतो टाळतो. शेजाऱ्यांच्या आवाजाचं काम घेतलं की आवाज राहतो बाजूला आणि दोन घरांचं जुनं भांडण सोडवत बसावं लागतं. पण हे काका माझ्या एका जुन्या ग्राहकाचे सासरे निघाले, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, तोंडावर आला होता. नागपूरच्या मानेवाडा-बेसा रोडवरून आत वळेपर्यंत गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत होतं.

ले-आउटच्या टोकाला चार डुप्लेक्सची रांग, एकाला एक चिकटून. वीसेक वर्षांपूर्वीचं बांधकाम. काकाजी तीन नंबरमध्ये आणि ज्यांच्याबद्दल तक्रार ते चार नंबरमध्ये. काकाजी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाण्याचा ग्लास समोर यायच्या आधी रजिस्टर आलं. आखलेलं, तारीखवार.

"पाहा जी, सगळं लिहून ठेवलं आहे. पुरावा पाहिजे न."

मी चाळलं. मला वाटलं होतं टीव्हीचा आवाज, मिक्सर, भांडी असं काहीतरी असेल. पण नोंदी अशा होत्या: 'रात्री ९.५०, पनीर आणलं नाही यावरून.' 'पहाटे ५.२०, आजीबाईंचा हरिपाठ, मध्ये दोनदा खोकला.' 'रात्री ११.०५, लहान भावाला प्लॉटसाठी पैसे द्यायचे की नाही.' 

रजिस्टर वाचूनच माझं अर्धं निदान झालं. त्याचं कारण सांगतो. विटांची भिंत धड असेल तर तिच्यातून पलीकडे येतो तो जाडा, खालच्या पट्टीतला आवाज. कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. शब्द ओळखू येतात ते क, च, त, स अशा व्यंजनांमुळे, आणि ती बरीचशी वरच्या पट्टीत असतात. भिंत ती पट्टी सगळ्यांत आधी गिळते. म्हणून पलीकडच्या पनीरचा हिशेब जर शब्दन् शब्द कळत असेल, तर आवाज भिंतीतून येत नाही. कुठेतरी भोक आहे.

काकाजींच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न होता, पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा की आधी महापालिकेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांची छापील प्रतही फाइलला लावलेली. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५, ही मर्यादा त्यांना तोंडपाठ. त्यांना म्हटलं, हे आकडे परिसरासाठी आहेत, लाउडस्पीकर, डीजे, फटाके यांच्यासाठी. आजींच्या हरिपाठावर कोणता हवालदार काय कारवाई करणार? ते त्यांना पटलं नाही. काकू मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हसल्या.

बेडरूममध्ये गेलो तर सामाईक भिंतीवर राखाडी फोमचे चौकोन चिकटवलेले. कोणी तरी 'साउंडप्रूफ' म्हणून बारा हजारांना गळ्यात मारलेले. हा धंदा सध्या जोरात आहे. हा स्पंज खोलीच्या आतला घुमारा कमी करतो. रेकॉर्डिंगला उपयोगी, पण भिंतीपलीकडचा आवाज अडवायला त्याच्यात वजनच नाही. आवाज अडवायला लागतं वजन आणि बंद फटी. इथं तर फोमने उलटंच केलेलं: खोली सुन्न झाली आणि पलीकडचे शब्द आणखी सुटे सुटे ऐकू येऊ लागले.

"हे लावल्यावर जास्तच येऊन राहिलं," काकू म्हणाल्या. "मी यांना म्हटलं तर म्हणाले, तुझा भास आहे."

त्यांचा भास नव्हता.

मग चार नंबरकडे गेलो. तिकडचे भाऊ पंचेचाळिशीचे, ट्रान्सपोर्टचा धंदा. घरी बायको, दोन मुलं आणि ऐंशीच्या पुढची आई. भाऊ आधीच तापलेले. "मला एक सांगा, वीस वर्षं आम्ही इथं राहून राहिलो. हीच माय, हाच टीव्ही, हाच आवाज. वीस वर्षं काकाजींना काही झालं नाही, अन् यंदा एप्रिलपासून एकदम त्रास? आम्ही काय एप्रिलपासून बोलायला शिकलो का?"

मुद्दा बिनतोड होता. भिंत तीच, माणसं तीच, मग एप्रिलमध्ये बदललं काय?

त्यांच्या बेडरूमच्या खिडकीला कूलर लावलेला होता, आपला नागपुरी, पत्र्याचा, खसच्या ताट्यांचा, अठरा इंची पंख्याचा. तो सुरू होता आणि आम्ही दोघं जवळजवळ ओरडूनच बोलत होतो. मी मीटर काढला. ६३ डेसिबल. परत काकाजींकडे आलो. त्यांच्या खोलीत कूलर नव्हता, नवा कोरा स्प्लिट एसी. मीटर ३७ वर.

"एसी कधी घेतला?"

"पोरानं पुण्याहून पाठवला. गुढीपाडव्याला बसवला."

तिथं मला उलगडा झाला. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. इथं तर सव्वीस कमी झाले होते. वीस उन्हाळे काकाजींचा स्वतःचा कूलर त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या मध्ये उभा होता. पलीकडचं बोलणं तेव्हाही येतच होतं, कूलरच्या घरघरीत ते बुडून जात होतं. शिवाय कूलरला समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाही तर खोलीत नुसती चिकचिक होते, म्हणून रस्त्यावरची कुत्री, बाइका, सगळंच आत. एसीने खिडक्या बंद करवल्या, घरघर गेली, आणि उरलं ते चार नंबर.

मग हिवाळ्यात कसं ऐकू आलं नाही, हे मी विचारलंच. काकूंनी उत्तर दिलं. हिवाळ्यात ते दोघं वरच्या खोलीत झोपतात, ऊन येतं म्हणून. उन्हाळ्यात वरचा स्लॅब तव्यासारखा तापतो, म्हणून सगळे खाली, कूलरच्या खोलीत. नागपुरातल्या बहुतेक घरांत असंच चालतं. म्हणजे खालची ही खोली त्यांनी शांत अशी कधी अनुभवलीच नव्हती.

हे सगळं मी भाऊंना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "काहीही सांगून राहिले तुम्ही. भिंतीतून शब्द कसे जातील? चला, मी येतो तिकडं, ऐकतो स्वतः."

दोन वर्षांत ते काकाजींच्या घरात आले नव्हते. काकूंनी खुर्ची दिली. मी त्यांना भिंतीशी पलंगाच्या उशाकडे बसवलं. त्यांच्या मोठ्या मुलीला सांगून आलो होतो की नेहमीच्या आवाजात पेपरातला एखादा मजकूर वाच. तिनं वाचायला सुरुवात केली, आणि ओळी खरंच सरळ कानात येत होत्या. भाऊंचा चेहरा जरा उतरला, तरी ते म्हणाले, "ती जोरात वाचून राहिली."

तेवढ्यात पलीकडे फोन वाजला. आजींनी उचलला. आजींना कमी ऐकू येतं, आणि कमी ऐकू येणारी माणसं फोनवर मोठ्यानं बोलतात. बहुधा त्यांच्या मुलीचा फोन असावा. आजी सांगत होत्या की काल पोट्ट्यानं मला आइस्क्रीम दिलं नाही, म्हणतो शुगर वाढते, स्वतः मात्र बायकोला घेऊन धंतोलीला जाऊन खाऊन आला, मला काय समजत नाही का, खिशात बिल होतं.

आम्ही चौघं त्या खोलीत बसून हे ऐकत होतो. काकाजींनी छताकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाशी नेला. भाऊंचे कान लाल झाले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हे... सगळंच ऐकू येते?"

"पाडव्यापासून," काकाजी म्हणाले. मग जरा थांबून, "प्लॉटचं पण."

त्या क्षणापर्यंत हे भांडण त्रास देणारा आणि त्रास सोसणारा असं होतं. तिथून पुढं भाऊंना माझ्यापेक्षाही जास्त घाई झाली. आवाजाच्या कामात मी हे बरेचदा पाहिलं आहे: आपला आवाज दुसऱ्याला त्रास देतो यानं माणूस हलत नाही, पण आपलं बोलणं दुसऱ्याला कळतं म्हटलं की त्याच दिवशी मिस्त्री बोलावतो.

भोक शोधायला वेळ लागला नाही. रांगेतल्या घरांचे नकाशे बहुधा आरशातल्यासारखे उलटे काढतात, बेडरूमला बेडरूम, मोरीला मोरी, नळाची नि विजेची लाइन सोपी पडावी म्हणून. त्यामुळे पलंगाच्या उशाचा स्विचबोर्ड दोन्ही घरांत नेमका एकाच जागी येतो. त्यात ही भिंत आरसीसी सांगाड्यात भरलेली, साडेचार इंची. दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंचांचे लोखंडी डबे गाडले की मध्ये उरतं काय?

दोन्हीकडचे मेन बंद केले. माझ्या इलेक्ट्रिशियननं काकाजींकडची प्लेट काढली, भाऊंनी स्वतः त्यांच्याकडची उघडली. डब्याच्या पाठीमागं वीट नव्हतीच. सिमेंटचा एक पापुद्रा होता, तोही कोपऱ्यात तुटलेला. डब्यांची वायर न्यायची गोल भोकं उघडी. मी मोबाइलची बॅटरी लावून धरली तर भाऊंच्या डब्यातून त्यांच्या शर्टाचं बटण दिसलं. निळं, चार छिद्रांचं. "अरे बाप्पा," पलीकडून आवाज आला, आणि तो भोकातून आला की दारातून, हे सांगता आलं नसतं.

दुसरी फट वर होती, बीमखाली. बीमच्या तळाशी विटांचा शेवटचा थर नीट ठासून भरला नाही, तर तो पुढं सुकून बसतो आणि केसाएवढी चीर राहते. वरून प्लॅस्टर, रंग, त्यामुळे डोळ्याला दिसत नाही. देवघरातली उदबत्ती मागून घेतली, भाऊंकडचा कूलर पुन्हा चालू करायला सांगितला म्हणजे तिकडच्या खोलीत हवेचा दाब वाढेल, आणि काकाजींकडून उदबत्ती बीमच्या कडेनं सरकवत नेली. धूर सरळ वर जात होता, कपाटाच्या वरच्या कोपऱ्याशी एकदम आडवा झाला.

काकाजींचा आग्रह होता की भिंत नऊ इंची करून टाका. ते मी होऊ दिलं नाही. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी मिळतात जेमतेम पाच-सहा डेसिबल. आणि भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तर बाकी भिंत किल्ल्याची असली तरी एकूण वीसच्या वर डेसिबल अडत नाहीत. म्हणून आधी भोकं, मग बाकी. खरं तर बांधतानाच एक बोर्ड दीड-दोन फूट सरकवला असता तर एक पैसा जास्त लागला नसता. राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनीवर वेगळं प्रकरण आहे, २०१६ च्या आवृत्तीतही आहे, पण रांगेतली घरं बांधणाऱ्या ठेकेदाराच्या हातात ते मी तरी पाहिलेलं नाही.

काकाजींकडचा बोर्ड काढून शेजारच्या भिंतीवर नेला. रिकामी जागा विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूच्या मसाल्यानं पाठीपर्यंत ठासून भरली, भाऊंच्या डब्याची भोकं बुजवली. बीमखालची चीर खरवडून मसाला भरला आणि कडेला कडक न होणारा सीलंट, कारण नागपूरच्या उन्हात नुसतं सिमेंट पुढच्या वर्षी पुन्हा फाटतं. फोम काढला. काकू म्हणाल्या, टाकू नका, तो कुठं तरी कामी येईल. तो आता गच्चीवर कुंड्यांखाली आहे.

आणखी एक पर्याय मी मांडला होता: मूळ भिंतीला कुठंही न टेकता पत्र्याच्या चौकटीवर जिप्सम बोर्डाचे दोन थर आणि मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. त्यानं जाडा आवाजही अडतो. पण खोलीचे चार इंच जातात, कपाट हलवावं लागतं, आणि खर्च काही पट. काकाजींनी आकडा ऐकून रजिस्टर मिटलं.

चार नंबरमध्ये भाऊंनी त्यांच्या अकलेनं दोन गोष्टी केल्या. भिंतीवर ठोकलेला टीव्ही उतरवून समोरच्या बाजूला टेबलावर ठेवला. आणि आईला कानाचं मशीन घेऊन दिलं. आजी ते दुपारी काढून ठेवतात, कूलरचा आवाज सहन होत नाही म्हणतात.

आठवड्यानं पाहायला गेलो. मुलीला पुन्हा वाचायला लावलं. काकाजी उशाशी कान देऊन बसले, बराच वेळ.

"आवाज येते," ते म्हणाले. "कोणी तरी बोलून राहिलं एवढं कळते. काय बोलून राहिले ते नाही कळत."

"तेवढं राहणारच, काकाजी. साडेचार इंची भिंत आहे."

"चालते."

रात्री मात्र एक बारीक घुंघुं येते म्हणाले. ती भाऊंच्या कूलरची. त्याचा लोखंडी स्टँड सामाईक भिंतीत खिळून बसवलेला, मोटरची थरथर सरळ विटांत उतरते. ती हवेतून येत नसते, म्हणून भोकं बुजवून जात नाही. स्टँड भिंतीपासून सोडवून जमिनीवर घ्यायला आणि पायांखाली जाड रबर द्यायला सांगितलं. भाऊ म्हणाले, पाऊस लागला की करतो, आत्ता कूलर एक तासही बंद ठेवता येत नाही. ते बरोबरच होतं.

बिल दोघांनी निम्मं निम्मं दिलं. निघताना भाऊ गाडीपर्यंत आले आणि आवाज खाली आणून विचारलं, "वरच्या बेडरूमचा बोर्डही तसाच असेल न जी? तिकडं मी अन् मिसेस असतो."

मी म्हटलं, नकाशा तोच असेल तर असणार. त्यांनी त्याच दिवशीची वेळ मागितली.