कोकणासाठी मॅस्टोडॉन सर्व्हर: कुठे घाई करू नये

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं, पण एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं समाजमाध्यम. त्याचा स्वतःचा सर्व्हर उभा करणं हे एका शनिवारचं काम आहे. डेबियन किंवा उबुंटू, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस, रूबी, नोड, पुढे एनजिनएक्स आणि लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र. अधिकृत मार्गदर्शिकेतल्या पायऱ्या ओळीने केल्या की संध्याकाळपर्यंत पहिली पोस्ट पडते. त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण त्या शनिवारी सहज म्हणून घेतलेले काही निर्णय नंतर फिरवता येत नाहीत, त्यांच्याबद्दल लिहायला हवं.

सगळ्यात कठीण निर्णय डोमेनचा. प्रत्येक खात्याच्या पत्त्यात ते नाव असतं आणि तो पत्ता बाहेरच्या असंख्य सर्व्हरांनी नोंदवून ठेवलेला असतो. 'लोकल डोमेन' ही सेटिंग पुढे बदललीत, तर बाकीच्या जगाच्या दृष्टीने तुमची सगळी माणसं अनोळखी होतात. तेव्हा 'कोकण' रोमनमध्ये लिहिताना मधे एन घालायचा की नाही, हे भांडण आधीच मिटवा. दोन्ही नावं विकत घ्या, एक वापरा, दुसरं त्याच्याकडे वळवा. 'मालवणी' असं नाव ठेवलंत तर अलिबाग-श्रीवर्धनकडचा माणूस फिरकणार नाही. 'कोकणी' ठेवलंत तर गोव्याच्या भाषेचा सर्व्हर वाटेल. 'डॉट भारत'चं देवनागरी नाव दिसायला गोड, पण आतून ते एक्स-एनने सुरू होणारी रोमन अक्षरांची माळ असते आणि काही ॲपमध्ये तसंच उघडं पडतं. वापरकर्तानाव तसंही रोमनमध्येच घ्यावं लागतं. देवनागरी चालते ती दर्शनी नावात. आणखी एक: पहिल्या वर्षी स्वस्तात मिळणाऱ्या डोमेनचा नूतनीकरणाचा दर आधी बघा.

यंत्र घरी ठेवू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तुमचा सर्व्हर बंद असेल तर इतर सर्व्हर काही काळ पुन्हा पुन्हा पोस्ट पोचवायचा प्रयत्न करतात. मात्र सात वेगवेगळ्या दिवशी अपयश आलं की तिकडचं मॅस्टोडॉन तुमचा पत्ता बंद धरतं. तुमच्याकडून काही पोचलं की दळणवळण पुन्हा सुरू होतं, पण मधल्या पोस्ट आपोआप येत नाहीत. शिवाय घरगुती फायबरवर बहुतेक वेळा स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, नसतो. पन्नास-शंभर माणसांसाठी भाड्याचं दोन कोअर, 4 जीबी रॅमचं यंत्र आणि 2 जीबी स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) पुरतं. 2 जीबी रॅमवर भागवणारे अपग्रेडच्या वेळी अडकतात: असेट, म्हणजे वेबपानांच्या फाइली, तयार करताना मेमरी संपते आणि प्रक्रिया मधेच मारली जाते.

खरी अडचण येते डिस्कच्या जागेची. तुमच्या माणसांनी टाकलेले फोटो थोडे असतात. ती ज्यांना फॉलो करतात त्यांच्या फोटोंच्या प्रती तुमच्याकडे साठतात, त्या जागा खातात. फोटो आणि डेटाबेस एकाच डिस्कवर असले, तर डिस्क भरली की पोस्टग्रेस थांबतं आणि सगळंच बंद. म्हणून मीडिया पहिल्या दिवसापासून एस-थ्री पद्धतीच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे यंत्राबाहेरच्या भाड्याच्या साठवणीत, ठेवा. बाहेरच्या मीडियाच्या साठवणीची मुदत प्रशासन पानावर सात दिवस करा. एवढं करूनही जागा वाढत राहते, कारण बाहेरच्यांची प्रोफाइलचित्रं या सफाईत जात नाहीत. त्यांच्यासाठी टूटसीटीएल या मॅस्टोडॉनच्या आज्ञावली साधनातल्या 'मीडिया रिमूव्ह' आज्ञेला 'प्रून प्रोफाइल्स' हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. गणपतीत चाकरमानी गावी आले की घराघरातल्या मखराचे फोटो आणि आरतीचे व्हिडिओ एकदम चढतात. व्हिडिओची मर्यादा 99 एमबी आहे, आणि व्हिडिओचं रूपांतर प्रोसेसर खातं. अशी मागची कामं एकेक करून उरकणाऱ्या साइडकिकच्या रांगेवर त्या आठवड्यात नजर ठेवा. रांग लांबली म्हणून साइडकिकचे धागे (एकाच वेळी चालणारी कामं) वाढवाल, तर डेटाबेस पूलचा, म्हणजे डेटाबेसशी एकावेळी होणाऱ्या जोडण्यांचा, आकडाही तेवढाच वाढवा, नाहीतर रांग हलायच्या ऐवजी जोडणीच्या त्रुटींचा पाऊस पडतो.

ईमेलकडे कोणी लक्ष देत नाही आणि पहिल्याच दिवशी तिथेच घोडं अडतं. खातं पक्कं करण्याचा दुवा ईमेलने जातो. भाड्याच्या यंत्रांवर 25 नंबरचं पोर्ट बऱ्याचदा बंद असतं, म्हणून ईमेल पाठवणारी सेवा घ्या, 587 वापरा आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या, पत्र खरंच तुमचंच आहे हे दाखवणाऱ्या, तिन्ही नोंदी करा. त्या नसतील तर पत्र स्पॅममध्ये जातं आणि माणूस म्हणतो, "तुमचा काय चालत नाय."

मग येतो रिकामेपणा. नव्या सर्व्हरला बाहेरचं जग दिसतच नाही. ज्यांना तुमच्यापैकी कोणीतरी फॉलो करतं, प्रामुख्याने त्यांच्याच पोस्ट येतात. नुसता हॅशटॅग फॉलो केला तर आपल्या सर्व्हरवर पोचलेल्या पोस्टच त्यात दिसतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. दार उघडण्याआधी चार-पाच जणांनी मिळून शे-दोनशे मराठी खाती फॉलो करावीत. रिले, म्हणजे अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट सरसकट पुरवणारी सेवा, जोडला तर पाणी येतं खरं, पण गाळासकट.

हॅशटॅगमध्ये मराठीची एक खोच आहे. 'वाऱ्या'मधला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ने किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला सारखंच, पण यंत्राच्या लेखी दोन टॅग, आणि एकाखालच्या पोस्ट दुसऱ्याखाली सापडत नाहीत. सर्व्हरच्या माहितीपानावर नेहमीचे टॅग नीट लिहून ठेवा; लोक तिथून उचलतील. देवनागरीत 500 अक्षरं पुरतात, कारण काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात नाहीत.

नोंदणी मंजुरीनेच ठेवा. उघडी ठेवली की स्पॅमची खाती शिरतात. देखरेखीला रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांची बोली कळणारी माणसं हवीत. मालवणीतली अर्धी शिवी मायेची असते. उरलेली अर्धी ओळखता आली पाहिजे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. उत्तराच्या मुदती बदलतात, त्या ताज्या बघून घ्या.

बॅकअप म्हणजे फक्त डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) नव्हे. सगळ्या सेटिंग असलेल्या 'एनव्ही प्रोडक्शन' फाइलमधल्या गुप्त किल्ल्या हरवल्या, तर डम्प परत चढवूनही दोन-टप्पी लॉगिन उघडत नाही. ती फाइल दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या माणसाकडेही असावी. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर रोजचा बॅकअप, आणीबाणीत हात घालू शकणारा आणखी एक जण आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना, या अटी मान्य कराव्या लागतात. यादीत यायचं नसलं तरी माहितीपानावर तेवढं लिहून टाका, आणि त्या दुसऱ्या माणसाला एकदा रिकाम्या यंत्रावर बॅकअप चढवून बघायला सांगा, पावसाळ्याआधी, मे महिन्यातच.